बाना लुबुतोच्या हातचं

कासुबा माणूस घाबरट नव्हता. साम्फ्याच्या किनाऱ्यावर नावा बांधणाऱ्याला घाबरट असून चालतही नाही. लाकूड तासायचा वाकस चालतो तो पायाच्या बोटांजवळ, आणि तेव्हा डोळे मिटणाऱ्याची बोटं फार दिवस टिकत नाहीत. बांग्वेउलू तळ्याच्या वादळात त्याची स्वतःची नाव उलटली होती, तरी दुसऱ्या दिवशी गडी पुन्हा तळ्यावर हजर. चेटकाच्या गोष्टी निघाल्या की बाकीचे एकमेकांना खेटून बसायचे आणि हा खुशाल घोरायचा. पण एका गोष्टीचं नाव काढलं की त्याचं धाबं दणाणायचं. ती गोष्ट म्हणजे पाय.

त्याला कारण मामा. आमच्याकडे बापापेक्षा मामा जवळचा, कारण पोर मोजलं जातं आईच्या घराण्यात. कासुबाच्या मामाला साखर होती, म्हणजे रक्तातली. अंगठ्याला ठेच लागल्याचं निमित्त झालं आणि मान्सा शहरातल्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. त्याला ट्रकच्या हौद्यात झोपवून घरी आणलं ते कासुबानेच. पुढे मरेपर्यंत मामा दारात बसून, नसलेल्या पायाची बोटं खाजतात म्हणायचा, आणि कासुबा खरोखर खाली वाकून हवेत खाजवायचा. हसू नका, मामाला त्याने बरं वाटायचं. कासुबाला मात्र त्यानंतर जेवण जायचं नाही.

म्हणून सरकारी दवाखान्यातल्या नर्स सांपांनी, आदराने आम्ही त्यांना बा सांपा म्हणतो, जेव्हा त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून, "बा कासुबा, साखर आहे तुम्हाला," असं सांगितलं, तेव्हा किती आहे, कशाने झाली, काही न विचारता त्याने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"गोळ्या देते, रोज घ्यायच्या. उब्वाली मुठीएवढी, भाजी भरपूर. आणि पायांना जपायचं."

"मामाही गोळ्या घ्यायचा," कासुबा म्हणाला.

"मामा गोळी घ्यायचा आणि वर दारूचा मगही घ्यायचा. मला काय माहीत नाही? मीच देत होते त्याला गोळ्या."

कासुबाने गोळ्या घेतल्या, म्हणजे खिशात घेतल्या. घरी येऊन चहाच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवल्या. मामाने गोळ्या घेतल्या आणि मामाचा पाय गेला, एवढी गाठ त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. भ्यालेल्या माणसाचं डोकं असंच चालतं, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

त्याच सुमारास चर्चच्या आवारात आरोग्याचं शिबिर भरलं. राजधानी लुसाकाहून एक पाहुणा आला होता, पांढरे बूट, तुकतुकीत गाल, हातात हिरव्या रसाचा ग्लास. तो म्हणाला, आग अन्नातला जीव मारते. मेलेलं अन्न खाल तर अंगात रोग साठेल, जिवंत अन्न खाल तर रोग पळेल. आणि शेवटी म्हणाला की माझ्या आईचा कापायला काढलेला पाय कच्च्या अन्नावर वाचला. कासुबाने तेवढं शेवटचंच ऐकलं. माझं त्या पाहुण्याशी काही वैर नाही. पण व्याख्यान देऊन दुसऱ्या दिवशी गाडीत बसणाऱ्याला मागचं काही निस्तरावं लागत नाही, एवढं मात्र खरं.

संध्याकाळी कासुबाने बायकोला सांगून टाकलं. बायको म्हणजे बाना लुबुतो, लुबुतोची आई, आणि तिच्या तोंडी हा बाशि लुबुतो, लुबुतोचा बाप. लुबुतो लग्न होऊन किट्वेला गेली होती, घरात ही दोघंच.

"आजपासून मला चुलीवरचं नको."

"मग काय चुलीखालचं देऊ?"

"थट्टा नाही. आग न लागलेलं खाणार. टोमॅटो, कोबी, पपई, शेंगदाणे."

"आणि उब्वाली?"

"उब्वाली बंद."

बाना लुबुतोच्या हातातला लाकडी उलथा जागीच थांबला. आमच्याकडे माणसाने दिवसभर रताळी खाल्ली, आंबे खाल्ले, अख्खा मासा खाल्ला, तरी कसाव्याच्या कंदाच्या पिठाची ती गरम घट्ट उकड, म्हणजे उब्वाली, पोटात गेली नाही तर तो उपाशीच. नवऱ्यापुढे उब्वालीचं ताट ठेवायचं, शेजारी गुडघे टेकून हातावर पाणी घालायचं, यातच बाईचं बाईपण आलं. लग्नाच्या आधी आत्या-मावश्या मुलीला जे शिकवतात त्यातलं निम्मं हेच असतं.

"लोकांना काय सांगू मी?" ती म्हणाली.

"लोकांचा काय संबंध? पाय माझा आहे."

"पाय तुमचा, पण ताट माझं आहे, बाशि लुबुतो," असं म्हणून तिने पुन्हा ढवळायला घेतलं. त्या दिवशी तिने दोघांचं रांधलं आणि एकटीच जेवली.

पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत. आधी पोट बिघडलं. कच्च्या कोबीने ते ढोलासारखं फुगायचं आणि काम टाकून झाडीकडे पळावं लागायचं. किनाऱ्यावर त्याचा जोडीदार चिशिंबा रोज नवी फिरकी घ्यायचा. "आली का शेळी कामाला? फळ्या मोजून ठेवतो हं, चरशील नाहीतर!" कासुबाही हसायचा, पण हसताना दम लागायचा. शेजाऱ्यांच्या चुलीवर मासा तळला की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि तो तळ्याकडे तोंड करून उभा राहायचा. मग आंबे पिकले. आंबा काही आगीत शिजत नाही, म्हणून त्याने पोटभर आंबे खाल्ले, सकाळ-संध्याकाळ. अंगात तरतरी आली. आनंदाने तो बा सांपांकडे गेला, बघा म्हणाला, पळाली साखर.

साखर पळाली नव्हती, वर चढली होती. बा सांपांनी कपाळाला हात लावला. "आंबे? अहो, आंब्यात काय मीठ असतं? गोळ्या घेताय ना?"

"घेतो," कासुबा खोटं बोलला. बाहेर आला तेव्हा त्याच्या पायात मुंग्या आल्या होत्या. खऱ्या की भीतीच्या, हे सांगणं कठीण. त्या दिवसापासून आंबे बंद, पपई बंद. राहिला कोबी, टोमॅटो आणि शेंगदाण्यांबरोबर कच्चा कसावा. गोड जातीचा कसावा आमच्याकडे सगळेच कच्चा चघळतात, पोरं तर शाळेत नेतात. तो स्वयंपाकघराच्या मागेच लावलेला असतो. बाना लुबुतो मुकाट्याने खणून, सोलून द्यायची.

अशक्तपणा वाढत गेला, आणि एका सकाळी जे व्हायचं ते झालं. फळी पायाने दाबून कासुबा वाकस चालवत होता, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पातं अंगठ्याला चाटून गेलं. जखम लहानशीच होती. चिशिंबा म्हणाला, थुंकी लाव. पण कासुबाच्या तोंडचं पाणी पळालं. मामाचाही अंगठाच होता. त्याने चिंधी बांधली, वर बूट चढवला आणि घरी काही सांगितलं नाही. रोज आडोशाला जाऊन तो बूट काढायचा, वाकून जखमेचा वास घ्यायचा आणि पुन्हा बांधून ठेवायचा. जखम भरत नव्हती.

त्यातच चिशिंबाच्या चुलत्याचं घर दुःखात पडलं. चुलता गेला, सगळी वस्ती तिथे जमली. पुरुष एका बाजूला विस्तवाभोवती बसले. माती देऊन आल्यावर बायकांनी मोठमोठी ताटं आणली, वाफाळती उब्वाली आणि रश्शातले मासे. कोणीतरी कासुबाच्या हातावर पाणी घातलं. दुःखाच्या घरी ताट नाकारायचं तरी कसं, असं त्याने पुढे सांगितलं, पण ते खरं नाही. खरं हे की त्याला भूक लागली होती. त्याने उब्वालीचा गोळा मोडला, अंगठ्याने खळगा केला, रश्शात बुडवला आणि खाल्ला. मग खातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुठे थांबला. मग मान खाली घालून बसला, आणि मनातल्या मनात पुन्हा शपथ घेतली की उद्यापासून आगीचं काही शिवायचं नाही.

त्याला वाटलं, आपली चूक आपल्यापाशी. पण बायकांच्या घोळक्यात त्याची थोरली बहीण बसलेली होती, याया म्वेवा. आई लवकर गेली, तेव्हापासून कासुबाला तिनेच वाढवलं. तिने भावाला गेल्या कित्येक आठवड्यांत वाळताना पाहिलं होतं, गालफडं बसताना पाहिली होती. आज तोच भाऊ परक्या ताटावर तुटून पडलेला तिने पाहिला. याया म्वेवाने जो हिशेब मांडला, तो आमच्या गावात कोणीही मांडला असता. लोकांच्या चुलीचं चालतं आणि घरच्याच चुलीचं चालत नाही. म्हणजे त्याने घरच्या ताटात काहीतरी पाहिलं आहे.

बाना लुबुतो सुकी मासळी विकायची. दोन दिवसांत तिच्या पाटीकडे कोणी फिरकेना. एक जुनी गिऱ्हाईक बाई तर मासळी हातात घेऊन, वास घेऊन, परत ठेवून गेली. संध्याकाळी पाटी तशीच भरलेली घेऊन ती घरी आली आणि दारातच उभी राहिली.

"तिथे जेवलात तुम्ही."

"चुकलो. भूक लागली होती."

"घरी नाही लागत भूक?"

"अगं, मोडला नेम. पुन्हा नाही मोडणार."

"नेम!" ती खाली बसली. "तुम्हाला नेमाची पडलीय. बाजारात काय बोलतायत ठाऊक आहे? म्हणतात, बायको ताटात काहीतरी घालते म्हणून तो कच्चं खातो. सोललेलं, स्वतः धुतलेलं. म्हणतात, वाळत चाललाय बघा."

"रिकामटेकडे आहेत लोक."

"तुम्ही मेलात की त्यांना काम मिळेल. माझ्या घराचं छप्पर उतरवायचं."

ती हे गमतीने म्हणाली नव्हती. नवरा मेला आणि संशय बायकोवर आला, तर काय होतं ते साम्फ्यात सगळ्यांना माहीत आहे. सुदैवी असेल तर नेसत्या चितेंगेनिशी हाकलतात. सुदैवी नसलेल्यांबद्दल आम्ही मोठ्याने बोलत नाही. पण कासुबाचं लक्ष बुटातल्या अंगठ्याकडे होतं. "कशाला मरतोय मी?" एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यापुढे शेंगदाण्यांची वाटी ठेवली. गुडघे टेकले, वरचा एक दाणा उचलला, स्वतःच्या तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि तोंड उघडून त्याला दाखवलं. मग वाटी पुढे सरकवली.

ही रीत आमच्याकडे जुनी आहे. परका पाहुणा आला, किंवा भांडण मिटवायला माणसं जमली, की वाढणारी आधी स्वतः चाखते. जेवणात काही नाही, निर्धास्त खा, असं त्यातून सांगायचं असतं. नवरा-बायकोत ती कोणी पाळत नाही. तिथे ती पाळावी लागणं हीच मोठी शिवी आहे. कासुबाने तेव्हाच वाटी बाजूला सारून तिचा हात धरायला हवा होता. तो दाणे खात बसला. माझ्या मते कच्च्या अन्नापायी त्याने केलेली सगळ्यात मोठी चूक हीच.

त्यानंतर तिने त्याच्यासाठी काही आणणं-सोलणं बंद केलं. "माझा हातच नको लागायला. तुमचं तुम्ही खणा," म्हणाली. मागच्या दाराचा गोड कसावा संपत आला होताच. कासुबा वाटेपलीकडच्या आपल्या शेतात गेला. शेत बायकांचं. कुठल्या ओळीत काय लावलंय हे पुरुषाला सांगता यायचं नाही. त्याने एक झाड उपटलं, कंद सोलला, चावा घेतला. जिभेवर कडू जहर पसरलं.

कडू कसावा कच्चा खायचा नसतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आजीने त्यासाठी कानशिलात दिली होती एकदा. तो पाण्यात दिवसेंदिवस भिजवतात, आंबवतात, वाळवतात, कुटतात, तेव्हा त्याचं पीठ होतं. पण त्या सकाळी जखमेभोवतीची कातडी त्याला काळी दिसली होती. भीतीने त्याच्या डोक्यात भलताच प्रकाश पाडला. साखरेवर उतारा कडूचाच असणार! भिजवून भिजवून बायका ते औषधच पाण्यात घालवतात आणि वर आग लावून उरलासुरला जीव मारतात! लुसाकाचा पाहुणा हेच तर सांगत होता. त्याने थोडासा तुकडा खाल्ला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी दोन मोठे कंद डोळे मिटून संपवले, आणि कामावर गेला.

ऊन चढायच्या आत चिशिंबाला तो अर्धवट बांधलेल्या नावेत उलट्या करताना सापडला. डोकं फुटतंय म्हणत होता, पाय उचलत नव्हते, श्वास धापेवर आला होता. "माझे पाय बघ रे, आहेत का?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. चिशिंबाने मासळीच्या हातगाडीवर घालून त्याला धावत दवाखान्यात नेलं. थट्टा करायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

कासुबा वाचला. दुसऱ्या दिवशी जरा डोळे उघडून बसला, तेव्हा बा सांपांनी सगळं विचारून घेतलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. जखम धुऊन, बांधून दिली होती. "ही जखम भरणारी आहे," त्या म्हणाल्या. "पण गोळ्या घेतल्या तर. भाजी कच्ची खायचीय? खा, टोमॅटो खा, काकडी खा, कोण नको म्हणतंय? पण पायाच्या भीतीने जीव द्यायला निघालात, याला काय म्हणावं?"

त्या वळतात न वळतात तोच याया म्वेवा आत आली. रात्रभर रडलेली दिसत होती.

"बोल. काय घातलं तिने तुला?"

"याया, मीच खाल्लं. कडू कसावा होता."

"कच्चा?"

"कच्चा."

"कडू कसावा कच्चा कोण खातं रे? शेंबडं पोर खात नाही!" ती खाटेच्या कडेला बसली. "तुझी अक्कल बांधून ठेवलीय तिने. म्हणूनच तू तिच्या बाजूने बोलतोयस."

"मी शपथेवर सांगतो."

"मामाला गमावलं, आता तुला नाही गमावणार. उद्या घरी सगळ्यांना बोलावलंय. तळ्यापलीकडून तो माणूस येणार आहे, चेटूक कोणाचं ते वास घेऊन सांगणारा. मग बघू तिचं."

तो माणूस आला की काय होतं ते कासुबाला ठाऊक होतं. त्याने एकदा बोट दाखवलं की मग पोलीस येईपर्यंत काही उरत नाही. आता शपथ घेऊन, ओरडून, रडून उपयोग नव्हता. तो जितकं बोलेल तितकी अक्कल बांधल्याची खात्री पटणार होती.

बहीण गेल्यावर तो पडून राहिला, आणि तेव्हा एक विचार गुपचूप त्याच्या मनात शिरला. तिने दाणा वरचा खाल्ला. खालचे? त्याने तो विचार झटकला, तो परत आला. एवढ्या वर्षांची बायको, आणि ती आपल्याला तोंड उघडून का दाखवते? चेटकाच्या गोष्टींत घोरणारा हा माणूस, खाटेवर उठून बसला.

खिडकीतून दवाखान्याचं कुंपण दिसत होतं. कुंपणाबाहेर बाना लुबुतो उन्हात उभी होती. फाटकाशी भाचे-पुतणे बसले होते, ते तिला आत सोडत नव्हते. तिच्या हातात चितेंगेच्या टोकात बांधलेला वाडगा होता. चिशिंबा तिच्याजवळ गेला, वाडगा घेऊन आत आला आणि कासुबाच्या पुढ्यात उघडून ठेवला. आत टोमॅटोच्या फोडी, बारीक चिरलेला कोबी आणि सोललेली काकडी. आगीचा हातही न लागलेलं. "म्हणाली, शिजवलेलं काही नाही म्हणावं, त्यांना चालतं तेच आहे," चिशिंबा म्हणाला. कासुबाने खिडकीकडे पाहिलं, पण डोळे भरल्यामुळे त्याला धड दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो बा सांपांसमोर गोळी गिळून चिशिंबाच्या खांद्याचा आधार घेत घरी आला. अंगण माणसांनी भरलं होतं. याया म्वेवा मधोमध चटईवर. तळ्यापलीकडचा माणूस अजून पोचला नव्हता, नाव दुपारची होती. बाना लुबुतो स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या आजूबाजूची जागा सगळ्यांनी मोकळी सोडली होती.

"तुझं सामान माझ्याकडे नेऊ," बहीण म्हणाली.

"आधी जेवतो. भूक लागलीय," कासुबा म्हणाला. मग बायकोकडे वळला. "बाना लुबुतो, चूल पेटवा. उब्वाली करा."

बाना लुबुतो जागची हलली नाही. तो लंगडत तिच्याजवळ गेला.

"नाही करणार," ती हळू आवाजात म्हणाली. "वेडे आहात तुम्ही? आतडी सोलवटून आलात दवाखान्यातून. आज तुम्हाला साधा ठसका लागला तरी मला जिवंत सोडणार नाहीत हे."

"मलाही भीती वाटतेय."

"कशाची? माझी?"

कासुबा तिच्याशेजारी भिंतीला टेकला. मग म्हणाला, "वाटली होती. काल, खाटेवर. तुझा वाडगा येईपर्यंत."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "खरं बोललात तेवढं," ती म्हणाली, आणि तिने लाकडं उचलली.

चूल तिने अंगणातच मांडली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. याया म्वेवा उठून आली, पिठात हात घालून बघितलं, पाणी हुंगलं. "पीठ माझ्या घरचं आणते," म्हणाली. "आमच्याच घरचं लागेल," कासुबा म्हणाला. पाणी उकळलं, पीठ पडलं, बाना लुबुतो दोन्ही हातांनी उलथा फिरवू लागली. कासुबा समोर बसून ती घट्ट होत जाणारी उकड बघत होता. त्याला मामा आठवत होता. हीच उब्वाली रक्तात साखर होऊन मामाच्या पायात उतरली, असं तो इतके दिवस स्वतःला बजावत आला होता. बांधलेला अंगठा ठसठसत होता. आज पोटात कळ जरी आली तरी आपला जीव जाईल न जाईल, हिचा नक्की जाईल, हे त्याला कळत होतं. पळून जावंसं वाटत होतं.

ताट पुढे आलं. मुठीएवढी उब्वाली, शेजारी भाजी. बाना लुबुतोने गुडघे टेकले, त्याच्या हातावर पाणी घातलं.

"हं," याया म्वेवा म्हणाली. "आधी तू खा. सगळ्यांसमोर."

बाना लुबुतोने मान खाली घातली आणि ताटाकडे हात नेला. कासुबाने तिचं मनगट धरलं.

"माझी बायको आहे ही, याया. परकी नाही," तो म्हणाला. "हिने चाखायची गरज नाही."

आणि ती चाखण्याच्या आधीच त्याने गोळा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. चावला, गिळला. मग दुसरा. तो थांबला नाही. ताट रिकामं झाल्यावर त्याने ते सगळ्यांना दिसेल असं जमिनीवर ठेवलं आणि चटईवर बसून राहिला.

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने एकदा ढेकर दिला तर दोघी-तिघी उठून उभ्या राहिल्या. आंब्याच्या झाडाची सावली चटईवरून सरकून भिंतीपर्यंत गेली. दुपारची नाव धक्क्याला लागल्याचा भोंगा वाजला, तळ्यापलीकडचा माणूस आला असणार. कोणी त्याला आणायला उठलं नाही. बाना लुबुतो गुडघ्यांवरच होती, डोळे नवऱ्याच्या चेहऱ्यावर. कासुबा घामाने भिजला होता, पण श्वास नीट चालला होता.

शेवटी याया म्वेवाने नाक पुसलं. पातेल्याकडे बघितलं. "उरलीय का गं?" तिने विचारलं.

"आहे, याया," बाना लुबुतो म्हणाली.

याया म्वेवाने दोन्ही हात पुढे केले. बाना लुबुतोने तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर पाणी घातलं.